छोटं विमान घेतलं, पण ठेवायचं कुठे? सारखे सारखे येणारे प्रश्न

विमान विकत घेणारे लोक इंजिनाचे तास, रेडिओ, रंग सगळं महिनोन्‌महिने बघतात आणि ते ठेवायची जागा मात्र शेवटच्या आठवड्यात ठरवतात. मग मला मेसेज येतात. त्यातले जे परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. दोन किंवा चार सीटचं, एका पिस्टन इंजिनाचं, स्वतःच्या मालकीचं विमान असं धरून लिहिलंय. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. तीन-चार ठिकाणं नजरेत आहेत. पहिलं काय बघायचं, भाडंच ना?

भाडं नाही. घराचं दार लावल्यापासून चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत किती वेळ लागतो ते बघा, आणि हा वेळ मॅपवर बघून नाही तर प्रत्यक्ष जाऊन मोजा. तुम्ही ज्या वारी आणि ज्या वेळेला उडणार आहात त्याच वेळेला गाडी काढा, गेटवर थांबा, हँगर म्हणजे विमानाची शेड उघडायला किती वेळ जातो ते विचारा, टॅक्सी म्हणजे रनवेपर्यंत विमान जमिनीवर चालवत नेणं किती लांब आहे ते बघा, सगळं धरून आकडा काढा. दीड तासाच्या आत असेल तर कामावरून लवकर सुटलेल्या दिवशी पण जाऊन एक चक्कर मारता येते. तीन तास लागत असतील तर प्रत्येक उड्डाण म्हणजे अख्खा दिवस, आणि अख्खा दिवस महिन्यातून कितीदा मोकळा मिळतो ते तुम्हीच बघा. स्वस्त पण लांबची जागा घेतलेली बरीच विमानं मी बघितलीत, टायर बसलेले, कव्हरवर धूळ, आणि मालक म्हणतो वेळच मिळत नाही हो. भाड्यात वाचलेले पैसे पुढे इंजिनात जातात, ते कसं ते प्रश्न २ मधे आहे.

२. विमान उडवलं नाही तर खराब होतं म्हणतात, म्हणजे नक्की काय होतं?

लायकमिंग ह्या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या नेहमीच्या छोट्या इंजिनांमधे कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद झालं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं आणि उघड्या धातूला ओलसर हवा लागते. आधी बारीक गंज, मग पुढच्या वेळी इंजिन फिरलं की त्या गंजलेल्या जागेचे कण निघतात, खड्डे पडतात, आणि एक दिवस ऑइल फिल्टर कापून बघितला की आत चकचकीत लोखंड दिसतं. कंपनी स्वतः सांगते की दमट हवेत ही सुरुवात थोड्या दिवसांतही होऊ शकते. ह्याच कारणासाठी बऱ्याच मॉडेलना ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नीट करण्यासाठी, २००० तासांबरोबर १२ वर्षांचीही मर्यादा दिलेली असते, तास पूर्ण झाले नाहीत तरी वर्षं मोजली जातात.

माझ्या पहिल्या विमानाच्या बाबतीत हेच झालं. जागा लांब होती, वर्षाला जेमतेम तीस तास उडत होतं, आणि इंजिन उघडलं तेव्हा कॅमशाफ्टचे दोन लोब म्हणजे झडपा ढकलणारे उंचवटे अक्षरशः खाल्लेले निघाले. तेव्हापासून कोणी जागेबद्दल विचारलं की मी आधी अंतर विचारतो, बाकी सगळं नंतर. आणि इंजिनाइतकाच हात पण गंजतो, सहा आठवडे न उडलेला पायलट वाऱ्यात उतरताना कसा घाबरतो हे ज्याचं त्याला माहीत असतं.

३. मी लांब राहतो, पण तिथल्या एकाला सांगून दर आठवड्याला इंजिन दहा मिनिटं चालवून ठेवलं तर चालेल ना?

नका करू, ह्याच्यानं उलट जास्त नुकसान होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या भागात उतरतं. जमिनीवर दहा मिनिटांत तेल एवढं तापतच नाही की ते पाणी उडून जाईल, मग ते तिथेच राहतं आणि तेलात आम्ल बनतं. लायकमिंगचा सल्ला असा आहे की तेल साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसला असताना सलग तासभर तरी उड्डाण व्हावं, आणि असं ३० दिवसांत निदान एकदा. जमिनीवर चालवणं म्हणजे उड्डाण नाही. खरंच दोन-तीन महिने जमणार नसेल तर नीट प्रिझर्व्ह करा, प्रिझर्वेटिव्ह तेल, ओल शोषणारे डेसिकंटचे प्लग, सगळी तोंडं बंद, आणि त्या काळात कोणालाही प्रोपेलर हातानं फिरवू देऊ नका, उरलेला तेलाचा थर त्यानं पुसला जातो.

४. हँगर की उघड्यावर टायडाउन, म्हणजे दोरानं जमिनीला बांधून ठेवायची जागा? फरक खरंच एवढा असतो का?

असतो, आणि किती असतो ते विमान कशाचं बनलंय त्यावर आहे. कापडाचं किंवा लाकडाचं असेल तर हँगर नाही तर घेऊच नका, ऊन आणि ओल दोन्ही त्याचे शत्रू. कंपोझिट विमानं पांढरी का असतात, तर रेझिन तापू नये म्हणून, तेव्हा तेही सावलीत बरं. पत्र्याचं विमान बाहेर राहू शकतं, हजारो राहतात, पण किंमत मोजावी लागतेच: विंडशील्डच्या अॅक्रिलिकवर बारीक तडे, डॅशबोर्डचं प्लास्टिक ठिसूळ, दाराचे रबर कडक, टायरच्या बाजूला चिरा, टाकीच्या झाकणातून पाणी. कॉकपिट उन्हात भट्टीसारखं तापतं आणि स्क्रीनवाल्या रेडिओंचं आयुष्य त्यात कमी होतं.

मधला पर्याय म्हणजे नुसतं छप्पर, बाजूला भिंती नाहीत. ऊन आणि गारा दोन्हीपासून वाचतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालं. पण पक्षी तिथे जास्त येतात हे लक्षात ठेवा. वसंतात एका दुपारात काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत अख्खं घरटं होतं आणि ते इंजिनाच्या गरम भागावर पेटू शकतं. पिटो ट्यूबला (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीला) कव्हर कुठेही ठेवलं तरी लावायचंच. १९९६ मधे डॉमिनिकन रिपब्लिकजवळ एक बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, तपासात कारण निघालं बंद झालेली पिटो ट्यूब, बहुतेक गांधीलमाशीनं केलेलं मातीचं घर. ते विमान त्याआधी बरेच दिवस पिटो कव्हर न लावता उभं होतं. एवढ्या मोठ्या विमानाचं असं होतं तर आपल्या छोट्याचं काय.

माझं मत विचाराल तर, जवळचं टायडाउन आणि लांबचं हँगर ह्यात मी पत्र्याच्या विमानासाठी जवळचं टायडाउन घेईन, चांगलं कव्हर शिवून घेईन आणि हँगरच्या यादीत नाव घालून ठेवीन (प्रश्न १९). अपवाद समुद्रकिनारा आणि गारांचा प्रदेश.

५. टायडाउनची जागा बघायला गेलो तर काय तपासू?

जमिनीतला अँकर हलवून बघा, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सेस्ना १७२ एस हे चार सीटचं विमान फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) न लावता साधारण ४८ नॉटला (ताशी सुमारे ८९ किलोमीटर) स्टॉल होतं, त्याहून कमी वेगात पंख उचलून धरत नाहीत, म्हणजे वादळात समोरून ५० नॉटचा झोत आला की ते विमान जागच्या जागी उडायला बघतं आणि त्याला धरून ठेवायला फक्त तुमचा दोर आणि तो अँकर. गवतात नुसता ठोकलेला खिळा पावसानं माती मऊ झाली की अलगद वर येतो.

दोर नायलॉनचा किंवा तसाच सिंथेटिक घ्या. मनिला म्हणजे काथ्यासारखा दोर भिजला की आखडतो आणि पंख खाली ओढतो, त्यामुळे तो वापरायचाच असेल तर एक इंचभर ढील ठेवावी लागते. फार सैल पण नको, विमान हिसके मारतं. दोर नेहमी टायडाउन रिंगलाच, स्ट्रटला (पंखाखालच्या तिरक्या टेकूला) गुंडाळायचा नाही, घसरला तर स्ट्रट वाकतो. मग बघायचं की नाक नेहमीच्या वादळी वाऱ्याकडे करता येतंय का, की सगळी विमानं एकाच दिशेला लावायची सक्ती आहे. शेजारच्या जागेवर कोण आहे तेही बघा, कारण वर्षानुवर्षं सोडून दिलेलं, कुजक्या दोरांचं विमान शेजारी असेल तर वादळात ते तुमच्या अंगावर येणार. मोठ्या विमानांच्या किंवा हेलिकॉप्टरच्या टॅक्सीच्या वाटेवर असेल तर त्यांचा झोत रोजचा.

६. हँगर घेतोय, मापात बसेल असं मालक म्हणतो. टेप घेऊन जायची गरज आहे का?

आहे, आणि मोजायचं ते दार, आतली खोली नाही. सेस्ना १७२ चा पंख ११ मीटर, शेपूट जमिनीपासून २.७२ मीटर. सिरस एसआर२२ साधारण ११.७ मीटर. बारा मीटरच्या दारातून पहिलं आरामात जातं, दुसऱ्याला प्रत्येक बाजूला जेमतेम एक वीत राहते आणि रोज एकट्यानं ढकलताना ती पुरत नाही. शेपटीवरचा दिवा आणि अँटेना धरून उंची मोजा. दार अर्धवट उघडं राहिल्यावर किती उंची मिळते ते पण बघा. टी-हँगर, म्हणजे टी अक्षरासारख्या आकाराचं एका विमानापुरतं हँगर, असेल तर मागची शेपटीची जागा किती रुंद आहे ते मोजा, मागचा आडवा पंख तिथे अडकतो.

विजेवरचं दार असेल तर वीज गेल्यावर ते हातानं उघडतं का? सरकतं दार असेल तर रुळात माती किंवा बर्फ भरतो का? जमिनीचा उतार कुठे? चढावर ढकलत आत न्यायचं असेल तर एकट्यानं होत नाही, टो बार (विमान ओढायचा दांडा) असला तरी. आणि पाऊस पडत असताना एकदा जाऊन बघा, हँगरची खरी परीक्षा तेव्हाच होते.

७. शेअर हँगर स्वस्त पडतंय. घेऊ का?

दोन प्रश्न विचारून घ्या. माझं विमान काढायला आधी किती विमानं हलवावी लागतील, आणि हलवणार कोण. विमानांना सगळ्यात जास्त ओरखडे उडताना नाही तर ढकलताना पडतात, एलरॉनची टोकं, नॅव्हिगेशन लाइट, शेपटीची कड. हलवणारा एकच माणूस असेल, तो शिकलेला असेल आणि धक्का लागला तर कोणी भरायचं हे करारात लिहिलेलं असेल तर घ्या. "सगळे मिळून करतो" असं उत्तर आलं तर मी घेणार नाही. आणि तुमचं विमान कायम मागच्या भिंतीला असणार असेल तर प्रश्न १ मधल्या वेळात अर्धा तास वाढवा.

८. रनवे ६०० मीटर आहे, माझ्या विमानाच्या पुस्तकात ५०० लिहिलंय. म्हणजे झालं ना?

नाही झालं. पुस्तकातला आकडा नव्या विमानाचा, कसलेल्या टेस्ट पायलटचा, कोरड्या सपाट डांबराचा असतो. १७२ एस चं उदाहरण घ्या, समुद्रसपाटीला १५ अंशात, पूर्ण वजनात, ५० फूट अडथळा ओलांडायला सुमारे ४९७ मीटर. ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीनं दिलेले गुणक लावून बघू. कोरडं गवत असेल तर १.२ नी गुणा, ५९६ झाले. जमीन मऊ असेल तर अजून १.२५, म्हणजे ७४५. मग सेफ्टीचे १.३३, झाले साधारण ९९०. बघता बघता दुप्पट. वर २ टक्के चढ असेल तर १.१ अजून. हे सगळे गुणायचे असतात, बेरीज नाही करायची. उतरताना पण तसंच, ओलं गवत असलं की १.३५, आणि गवत आखूड, हिरवं, ओलं असलं तर ब्रेक लागतच नाहीत, तिथे १.६ पर्यंत धरायला सांगतात.

बेस, म्हणजे विमानाची कायमची जागा, म्हणून निवडताना तुमच्या सगळ्यात वाईट दिवसाचा हिशोब करा, म्हणजे चार माणसं, भरलेली टाकी, सगळ्यात गरम दुपार, ओली धावपट्टी. तो दिवस बसत नसेल तर तुमचं चार सीटचं विमान त्या जागेवर दोन सीटचं आहे असं समजा. ते चालत असेल तर प्रश्न नाही, पण घेताना माहीत पाहिजे.

९. गरम हवेत आणि उंचावर विमान कमी ओढतं म्हणतात, आकड्यात सांगाल का?

समजा विमानतळ २००० फुटांवर आणि दुपारी ३५ अंश. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश. फरक २४. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरायचे, म्हणजे २८८० फूट वाढले, आणि विमानाला वाटतंय की आपण ४८८० फुटांवर आहोत. टर्बो नसलेलं इंजिन दर १००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद सोडतं, म्हणजे सुमारे १५ टक्के गेले, आणि प्रोपेलर आणि पंख पण पातळ हवेत कमी काम करतात. ह्याचा बेसशी संबंध असा की पहाटे उडणाऱ्याला तीच जागा उत्तम आणि दुपारी उडणाऱ्याला त्रासाची. तुमची उडायची वेळ कुठली ते ठरवा मग पुस्तकातला तक्ता उघडा.

१०. एकच रनवे आहे आणि वारा बऱ्याचदा आडवा असतो. चालवून घेऊ का?

किती बऱ्याचदा, ते आकड्यात काढा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मधे शिफारस अशी आहे की रनवेची दिशा अशी असावी की आडव्या वाऱ्यामुळे वापर ९५ टक्क्यांखाली जाऊ नये, आणि लहान धावपट्ट्यांसाठी आडवा वारा १० नॉटपर्यंत धरतात. त्यासाठी शक्यतो पाच वर्षांच्या, दिवसातून आठ वेळा घेतलेल्या नोंदी वापरायला सांगितलंय. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, पण वर्षभराच्या हवामान नोंदी बहुतेक ठिकाणच्या मिळतात, त्यात फक्त तुमच्या उडायच्या वेळा बघा.

हिशोब तोंडी येतो: वारा रनवेशी ३० अंशात असेल तर अर्धा आडवा, ४५ ला सात दशांश, ६० ला नऊ दशांश. वीस नॉट ४५ अंशात म्हणजे १४ नॉट आडवा. १७२ एस ला पुस्तकात १५ नॉट दाखवलेत, ती कायद्याची मर्यादा नाही, चाचणीत तेवढं करून दाखवलं एवढंच, पण तुमची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते आणि ती खरी धरायची. टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेलं) विमान असेल तर दुसरा रनवे किंवा बाजूला गवताची पट्टी असलेली जागा शोधा, त्यासाठी वीस मिनिटं जास्त गाडी चालवावी लागली तरी मी चालवीन.

११. टॉवर असलेला मोठा विमानतळ चांगला की बिनटॉवरचा छोटा?

मोठ्या ठिकाणी लांब रनवे, दिवे, इन्स्ट्रुमेंट अप्रोच (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उतरायची सोय), रात्रीपण कोणीतरी असतं. छोट्या ठिकाणी मोकळीक. पण एक खर्च लोक धरत नाहीत, तो म्हणजे टॅक्सी आणि थांबणं. जाताना १२ आणि येताना १२ मिनिटं इंजिन जमिनीवर चाललं, वर्षाला ६० उड्डाणं झाली, तर २४ तास इंजिन नुसतं उभ्या उभ्या चाललं. त्याचं पेट्रोल, त्याचं तेल, आणि मिक्श्चर (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण) कमी केलं नाही तर घाण झालेले स्पार्क प्लग. शिवाय गेटची सुरक्षा, पास, पाहुण्यांना आत न्यायची कटकट, सगळं प्रश्न १ च्या वेळेत धरा.

बिनटॉवरच्या ठिकाणी मात्र एक शनिवार अख्खा बसून ऐका. फ्लाइंग स्कूलची विमानं सर्किटमधे (मैदानाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) किती, ग्लायडर किंवा पॅराशूटवाले आहेत का, लोक रेडिओवर नीट बोलतात का. तीन तासांत कळतं.

१२. मला बहुतेक रविवारी सकाळीच वेळ असतो. हवामानाचं काय बघू?

धुकं. नदीच्या खोऱ्यातलं किंवा तळ्याशेजारचं मैदान स्वच्छ शांत रात्रीनंतर सकाळी भरून जातं आणि वीस किलोमीटरवरच्या टेकाडावरचं उघडं असतं. सकाळच्याच उडणाऱ्याची खोऱ्यातल्या बेसमुळे थंडीतली अर्धी उड्डाणं जातात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडायची परवानगी) असेल आणि तिथे एलपीव्ही अप्रोच (उपग्रहाच्या मदतीनं उतरायची पद्धत) असेल तर जमिनीपासून २०० फुटांइतकं खाली येता येतं, पण सगळ्याच ठिकाणी नाही, अडथळ्यांप्रमाणे तो आकडा वाढतो. त्यामुळे "अप्रोच आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, मिनिमा म्हणजे खाली यायची मर्यादा किती ते बघा. कडक थंडीच्या जागी हँगरमधे प्रीहीटला वीज मिळते का तेही विचारा, बऱ्याच लायकमिंग इंजिनांना उणे १२ अंशांखाली सुरू करण्याआधी तापवायला सांगितलंय.

१३. समुद्राजवळची जागा फार आवडलीय, खारी हवा एवढी वाईट असते का?

असते. अॅल्युमिनियमच्या जोडांत, पियानो हिंजमधे, कंट्रोल केबलवर, एक्झॉस्टच्या बोल्टवर, सगळीकडे पोचते, आणि पहिली काही वर्षं दिसत नाही. तिथेच ठेवायचं असेल तर बंद हँगर, आत डीह्युमिडिफायर, वर्षा-दोन वर्षांनी पंखांच्या आत गंजरोधक तेलाची फवारणी, आणि गोड्या पाण्यानं नियमित धुणं. हे सगळं करायची तयारी असेल तर करा, मोहात पडण्यासारखीच जागा असते ती. उघड्या टायडाउनवर ठेवणार असाल तर थोडं आतल्या बाजूचं मैदान शोधा.

१४. इंधन तिथे मिळत नाही, शेजारच्या विमानतळावर भरून येईन. चालेल?

इंजिनावर आहे. रोटॅक्स ९१२ यूएलएस असेल तर ९५ ऑक्टेनचं मोटारीचं पेट्रोल चालतं, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पण (विमानाच्या टाकीला आणि पाइपना चालतं का ते वेगळं बघा), उलट विमानांचं शिसंवालं पेट्रोल म्हणजे अॅव्हगॅस त्याला सारखं दिलं तर तेल जास्त लवकर बदलावं लागतं. १०० एलएल म्हणजे तेच शिसंवालं पेट्रोल लागणारं इंजिन असेल तर मात्र दर वेळी दुसरीकडे उतरून भरणं म्हणजे जास्तीचं एक लँडिंग, अर्धा तास, आणि रिकाम्या टाकीनं उभं राहणारं विमान, ज्यात रात्रीत पाणी साठतं.

पुढचाही विचार करा. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीनं १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर १०० एलएल विकणं बंद केलं, आणि युरोपियन युनियनमधे १ मे २०२५ पासून त्यात घालायचं शिसं म्हणजे टेट्राइथाइल लेड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. तुमच्या बेसवर पुढे कुठलं इंधन येणार आणि ते तुमच्या इंजिनाला मान्य आहे का, हे मॅनेजरला आत्ताच विचारा.

१५. मेकॅनिक त्याच मैदानावर पाहिजे का?

असला तर फार बरं. मॅग्नेटो (स्पार्क प्लगना वीज देणारा भाग) बिघडला आणि मेकॅनिक दुसऱ्या गावी असेल तर विमान तिथे नेता येत नाही, मेकॅनिकला आणावं लागतं, आणि तो येईल तेव्हा येईल. काही ठिकाणी बाहेरच्या मेकॅनिकला काम करायला बंदी असते किंवा तो हँगरमधे रंग, पेट्रोल, वेल्डिंगचं काही करू शकत नाही. स्वतः तेल बदलायला परवानगी आहे का तेही करारात बघा. मैदानावर एकच वर्कशॉप असेल तर तिथल्या दोन-तीन मालकांशी आधी बोला, त्याच्याशी पुढे दहा वर्षं काढायचीत.

१६. आम्ही तिघं पार्टनर आहोत आणि तिघं तीन बाजूला राहतो. मधोमध ठेवू का?

नकाशावरचा मध्य बहुतेक वेळा सगळ्यांनाच सारखा गैरसोयीचा पडतो. कोण किती उडतो ते बघा. जो सगळ्यात जास्त उडतो त्याच्या जवळ ठेवा, कारण इंजिन त्याच्यामुळे जिवंत राहणार आहे (प्रश्न २), आणि लांबच्याला महिन्याच्या ठरलेल्या खर्चात थोडी सूट द्या. हे विमान घेण्याआधी लिहून ठेवा. नंतर ह्याच मुद्द्यावर चांगले मित्र बोलेनासे झालेले बघितलेत, वाईट वाटतं.

१७. स्वतःची जमीन आहे, तिथेच पट्टी करून ठेवलं तर?

घरापासून विमान दोन मिनिटांवर, ह्यासारखं सुख नाही. पण आधी नियमांप्रमाणे परवानगी, मग शेजाऱ्यांशी बोलणं, आणि ते विमान आणायच्या आधी, नंतर नाही. निचरा कसा होतो ते एक पावसाळा बघा. दोन्ही टोकांना झाडं आणि तारा किती, आणि टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर समोर उतरायला काय आहे. जवळ कचरा डेपो असेल तर पक्षी येणार, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अशा डेपोंसाठी विमानतळापासून १३ किलोमीटर अंतर सुचवलेलं असतं ते उगाच नाही. आणि एकट्याच्या पट्टीवर काही झालं तर बघायला कोणी नसतं. निघताना घरी किंवा मित्राला सांगून जायची शिस्त लागते, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवावं लागतं (प्रश्न २०).

१८. विमानतळ बंद होईल अशी कुजबुज आहे. तरी घेऊ का?

भाड्यानं टायडाउन असेल तर घ्या, निघता येतं. हँगर विकत घेणार किंवा बांधणार असाल तर जमिनीचा करार किती वर्षांचा, मुदत संपल्यावर हँगर कोणाचं होतं, आणि मैदानाची मालकी कोणाची हे वकिलाकडून वाचून घ्या, बऱ्याच करारांत शेवटी हँगर जमीनमालकाकडे जातं.

कुजबुज खरी व्हायला वेळ लागत नाही. शिकागोच्या मेग्ज फील्ड विमानतळावर ३० मार्च २००३ च्या रात्री बुलडोझरनी रनवेवर मोठे चर खणले आणि १६ विमानं अडकली, शेवटी त्यांना टॅक्सीवेवरून उडून जायला परवानगी दिली. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावर २०१७ च्या शेवटी रनवे ४९७३ फुटांवरून ३५०० केला, आणि २०२८ संपल्यावर शहराला ते बंद करता येणार आहे. तिथे निदान तारीख तरी आहे. आजूबाजूला नवीन घरं किती उठतायत आणि आवाजाच्या तक्रारी किती आहेत हे बघितलं की बराच अंदाज येतो.

१९. सगळीकडे हँगरची वेटिंग लिस्ट आहे. काय करू?

सगळीकडे नाव घाला, विमान घ्यायच्या आधीच घाला, आणि दर तीन महिन्यांनी फोन करा, कारण यादीतले बरेच जण विमान विकून गेलेले असतात आणि जो फोन उचलतो त्याला जागा मिळते. मैदानावर जाऊन लोकांशी ओळख करा, अर्धी हँगरं तोंडी बोलण्यावर हातातून हातात जातात. पोटभाड्यानं घेत असाल तर मूळ करारात त्याला परवानगी आहे हे स्वतः वाचा, नाहीतर एका नोटिशीत बाहेर.

२०. बेस बदलला तर इन्शुरन्सला सांगायलाच लागतं का?

हो, लेखी आणि हलवण्याच्या आधी. प्रीमियम ठरवताना ते जागा, हँगर की उघड्यावर, वादळाचा प्रदेश, धावपट्टी कशाची आणि किती लांब हे सगळं धरतात. पॉलिसीत हँगर लिहिलंय आणि विमान गारांत बाहेर उभं होतं, तर दाव्याच्या वेळी वाद होणार. तात्पुरतं दोन महिने दुसरीकडे ठेवणार असाल, वर्कशॉपमधे सोडणार असाल, तरी ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. हँगरच्या करारात एक कलम हमखास असतं की मालकाचं काही झालं तरी तुम्ही भरपाई मागणार नाही, ते कलम इन्शुरन्स कंपनीला आधी दाखवा, काही पॉलिसींत असा हक्क सोडून दिलेला चालत नाही.

२१. जुन्या जागेवरून हलवायचंय पण वार्षिक तपासणी संपलीय आणि वर्षभर उडलेलं नाही. आता?

बऱ्याच देशांत फक्त तपासणीच्या जागेपर्यंत नेण्यासाठी एकवेळची परवानगी मिळते, मेकॅनिकनं विमान त्या एका उड्डाणासाठी ठीक आहे असं सही करून दिलं तर. प्रवासी न्यायचे नाहीत, दिवसा, चांगल्या हवेत, आणि इन्शुरन्स त्या उड्डाणाला लागू आहे का ते विचारून. पण वर्षभर उभं असेल तर आधी तिथेच मेकॅनिक बोलवा. जुनं पेट्रोल काढून टाका, टाकीच्या तळाचं पाणी बघा, उंदीर वायरी खाऊन गेलेत का, पिटो आणि स्टॅटिकची (हवेचा दाब घेणारी) भोकं मोकळी आहेत का, ब्रेकच्या नळ्या, टायर, बॅटरी. शक्य असेल तर एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी बघून घ्या. मग मैदानाच्या वरच एक-दोन चकरा, उंची राखून, उतरून काउलिंग उघडून गळती तपासा, आणि सगळं कोरडं असेल तर नव्या बेसकडे निघा, वाटेत उतरायला मैदानं मिळतील असा रस्ता धरून, थोडा लांब पडला तरी.